खेचणं आणि पेलणं

गेल्या उन्हाळ्यात गावाकडच्या घराला मागच्या बाजूने दोन खोल्या वाढवायच्या होत्या. मिस्त्री म्हणाले, "क्रश सँड एकदाच टाकून घ्या, सहा ब्रास. दोन खेपांचं भाडं कशाला भरताय?" मी लगेच हो म्हटलं. संध्याकाळी दहा चाकी हायवा गल्लीच्या तोंडाशी आला आणि वळून मागे यायला लागला. मागची चाकं गटारीवर चढली, कट्‌ असा आवाज झाला आणि गटारीवरची जाड फरशी मधोमध दुभंगली. शेजारच्या दोन घरांच्या भिंतीही तेवढ्यापुरत्या थरथरल्या. ड्रायव्हर खिडकीतून डोकावला, चाकाकडे बघितलं आणि म्हणाला, "गाडीला काय झालं नाय, मालक. आरामात खेचती."

त्याच्या हातात क्रशरवरच्या काट्याची पावती होती. भरलेली गाडी ३९,१२० किलो. रिकामी गाडी ११,४८० किलो. माल २७,६४० किलो. केबिनच्या दारावर पिवळ्या रंगात आरएलडब्ल्यू २८,५०० असं रंगवलेलं होतं. म्हणजे कायद्याने ती गाडी साडेअठ्ठावीस टनांवर थांबायला हवी होती आणि माझ्या दारात ती एकोणचाळीस टनांची उभी होती. साडेदहा टनांचा जादा भार, आणि तो मीच मागवला होता. फरशी मी दुसऱ्या दिवशी बदलून दिली. पण "आरामात खेचती" हे वाक्य डोक्यातून जाईना. गाडी खरोखरच आरामात खेचत होती. प्रश्न पेलण्याचा होता, आणि खेचणं आणि पेलणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी ब्रासचं बघू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. ब्रास म्हणजे १०० घनफूट, दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट उंच असा ढीग. हे जागेचं माप आहे, वजनाचं नव्हे. पूर्वी धान्य पायलीने मोजायचे तशातलाच हा प्रकार. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर भात यांचं वजन सारखं भरत नाही हे घरातल्या बायकांना पाठ असायचं. बांधकामाच्या धंद्यात मात्र ब्रासचं टनात रूपांतर सहसा कोणी करत नाही. कोरडी, मोकळी वाळू ब्रासला सुमारे साडेचार टन भरते. तीच पाण्याने पूर्ण भिजलेली असेल तर पाच टनांच्या पुढे जाते. उलट जरा दमट वाळू फुगते, कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरामुळे कण एकमेकांपासून लांब राहतात. म्हणून दमट वाळू ब्रासवर घेणाऱ्याच्या पदरात माल कमीच पडतो. जुने मिस्त्री हे जाणून असतात.

माझ्या पावतीवरून एका ब्रासचं वजन ४,६०० किलोच्या आसपास निघतं. त्या गाडीला कायद्याने माल नेता येतो तो साडेअठ्ठावीस टनांतून साडेअकरा वजा करून उरतो तेवढा, म्हणजे सतरा टन. पावणेचार ब्राससुद्धा पुरते होत नाहीत. तरीही बाजारात दहा चाकीला "सहा ब्रासची गाडी" असंच नाव पडलं आहे, कारण हौद्यात तेवढी जागा आहे. गौण खनिजाची रॉयल्टीही महसूल खातं ब्रासवरच घेतं आणि आरटीओचं पुस्तक किलोत बोलतं. एकाच गाडीकडे सरकारची दोन खाती दोन मापांनी बघतात, आणि या दोन मापांच्या मधल्या फटीतून रोज हजारो टन जादा माल रस्त्यावर येतो.

ट्रकच्या अंगावरचे आकडे वाचायची सवय लावून घेतली तर बऱ्याच गोष्टी उलगडतात. यूएलडब्ल्यू म्हणजे रिकाम्या गाडीचं वजन. आरएलडब्ल्यू म्हणजे नोंदणी करताना मान्य झालेलं भरल्या गाडीचं वजन. त्यात गाडी, डिझेल, स्टेपनी, ताडपत्री, ड्रायव्हर, क्लीनर आणि माल असं सगळं आलं. या दोहोंची वजाबाकी म्हणजे माल. आपल्याकडे बरेचदा चॅसी कारखान्यातून येते आणि बॉडी बाहेर बांधून घेतात. बॉडीला जाड पत्रा मारला, फाळके उंच केले, केबिनवर कॅरिअर चढवला की रिकामी गाडी जड होते आणि तितका माल कमी घ्यावा लागतो. फाळका उंच करणाऱ्याच्या मनात मात्र नेमकं उलटं असतं.

गाडीच्या नावातही वजन दडलेलं असतं. लहानपणी आम्ही १६१३, २५१८ असे आकडे नुसतेच वाचायचो. टाटाच्या या क्रमांकांत पहिले दोन आकडे भरल्या गाडीचं वजन टनांत सांगतात आणि पुढचे दोन इंजिनाची अश्वशक्ती दहाच्या पटीत. १६१३ म्हणजे सोळा टन आणि १३० अश्वशक्ती. २५१८ म्हणजे पंचवीस टन, १८०. गावोगावी भाजी, फर्निचर आणि लग्नाचं सामान वाहणारी ४०७ही याच हिशेबातली, चार टन आणि ७०. दहा चाकी गाड्या आधी २५ने सुरू व्हायच्या आणि अलीकडे २८ने सुरू होतात. हा बदल कंपनीने मनाने केलेला नाही. त्यामागे १६ जुलै २०१८ची केंद्र सरकारची अधिसूचना आहे.

त्या दिवशी देशभरातल्या मालवाहू गाड्यांची मान्य वजनं वाढली. दोन एक्सलचा सहा चाकी ट्रक १६.२ टनांवरून १८.५ टनांवर गेला. तीन एक्सलचा दहा चाकी २५वरून २८.५वर आला. ट्रॅक्टर-ट्रेलरची कमाल मर्यादा ४९ची ५५ टन झाली. रस्ते सुधारलेत, गाड्या सुधारल्यात आणि मालवाहतूक स्वस्त व्हायला हवी, ही भूमिका होती. वाढ करायला नको होती असं मी म्हणणार नाही. पण त्या अधिसूचनेत खरं महत्त्व या बेरजांना नाही. त्यांच्याआधी एक्सलचे आकडे आहेत आणि बेरीज त्यांतूनच होते.

एक्सल म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आडवा दांडा. रस्ता ट्रकला कधी अख्खा भेटतच नाही. त्याला एकामागून एक एक्सल भेटतात. म्हणून कायदा आधी प्रत्येक एक्सलवर किती भार चालेल ते ठरवतो. चार चाकांच्या एकट्या एक्सलला २०१८पूर्वी १०.२ टन मान्य होते, ते ११.५ झाले. आठ चाकांच्या जोड-एक्सलला १९चे २१ टन झाले. दहा चाकीच्या पुढच्या, वळवायच्या एक्सलला साडेसात. साडेसात आणि एकवीस मिळून साडेअठ्ठावीस, म्हणजे माझ्या दारात आलेल्या हायव्याचा आकडा. युरोपीय संघातही चालित एक्सलची मर्यादा ११.५ टनच आहे. अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांवर एकट्या एक्सलला २०,००० पौंड, म्हणजे साधारण नऊ टनच चालतात. आपली मर्यादा कडक आहे ही तक्रार आकड्यांत टिकत नाही.

एक्सलचा हिशेब कळला की महामार्गावर दिसणारी एक गोष्ट उलगडते. मोठ्या ट्रकचा एखादा एक्सल हवेत लटकलेला असतो आणि त्याची चाकं फिरत नसतात. त्याला लिफ्ट एक्सल म्हणतात. गाडी रिकामी असताना तो वर घेतला की टायर आणि डिझेल वाचतं. भरल्या गाडीत तो खाली टेकलाच पाहिजे. टायर वाचवण्यासाठी कोणी भरल्या गाडीतही तो वरच ठेवला, तर एकूण वजन अगदी नियमात असूनही बाकीच्या एक्सलांवर बेकायदा भार पडतो. माल हौद्यात कुठे ठेवलाय यालाही तितकंच महत्त्व आहे. सांगली-कोल्हापूरकडे हंगामात उसाने लादलेली ट्रॉली चढावर ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं अलगद उचलली जाताना मी पाहिली आहेत. त्या क्षणी स्टिअरिंग नुसतं हातात असतं, ट्रॅक्टर त्याचं ऐकत नाही.

आता रस्त्याकडे येऊ. गाडी दीडपट जड झाली तर रस्ता दीडपट झिजेल असं कोणालाही वाटेल. तसं होत नाही, आणि हे कळण्यासाठी माणसांनी फार मोठा प्रयोग केला. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ओटावा नावाचं गाव आहे. त्याच्याजवळ १९५०च्या दशकात खास प्रयोगासाठी रस्ते बांधले. सहा बंद वळसे होते. कुठे डांबराचा थर जाड ठेवला होता, कुठे पातळ, कुठे काँक्रीट होतं, आणि खालचे थरही जाणूनबुजून वेगवेगळे दिले होते. त्यांतल्या पाच वळशांवर ठरलेल्या वजनाचे ट्रक सोडले. ते चालवायला सैन्यातले जवान होते. १९५८च्या अखेरीपासून १९६०च्या नोव्हेंबरपर्यंत, सुमारे दोन वर्षं, हे ट्रक रात्रंदिवस त्याच वळशांवर गोल फिरत राहिले. प्रत्येक मार्गिकेवरून एक्सलच्या अकरा लाखांहून जास्त फेऱ्या झाल्या. खड्डे, भेगा आणि चाकोऱ्या मोजायला माणसं सतत उभी होती. ओसाड वळशांवर रात्री तेच ते वळण घेणाऱ्या त्या जवानांची मला नेहमी आठवण येते. आजही बऱ्याच देशांत रस्त्याची जाडी ठरवताना आधार असतो तो त्यांच्या त्या कंटाळवाण्या फेऱ्यांचा.

त्या प्रयोगातून निघालेला नियम असा की रस्त्याची हानी एक्सलवरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला की हानी सोळापट, दीडपट झाला तरी पाचपट. भारतीय रोड काँग्रेसची मानकं आजही याच विचारावर उभी आहेत. ८.१६ टनांचा एक्सल प्रमाण धरायचा, रस्त्यावरून जाणारी सगळी जड वाहनं अशा प्रमाण एक्सलांत रूपांतरित करायची आणि रस्त्याच्या आयुष्यात असे किती दशलक्ष एक्सल जाणार त्यावरून थरांची जाडी काढायची. मोटारींना त्या हिशेबात जागा नसते. का, ते करून बघा. मोटारीच्या एक्सलवर साधारण ६०० किलो असतात आणि दहा चाकीच्या मागच्या एकेका एक्सलवर साडेदहा टन. साडेसतरा पट भार म्हणजे हानी नव्वद हजार पटींच्या पुढे. रस्ता मोटारींमुळे खराब होत नाही, हे अक्षरशः खरं आहे.

चौथा घात का? घरच्या घरी बघता येईल अशी एक गोष्ट आहे. बांधणीची तार हलकेच मागे-पुढे वाकवली तर ती शेकडो वेळा सहन करते. तीच जरा जास्त वाकवली तर आठ-दहा वेळांत तुटते. चाक जातं तेव्हा डांबराचा थर खाली वाकतो आणि चाक पुढे सरकलं की परत वर येतो. थराची खालची बाजू दर वेळी ताणली जाते. ताण थोडा असेल तर थर लाखो वेळा वाकूनही टिकतो. ताण थोडासा वाढला की भेग खूपच लवकर पडते, आणि ती पडते खालून. वर दिसेपर्यंत आतलं काम झालेलं असतं. मग आपल्याकडचा पाऊस त्या भेगेतून खाली उतरतो. खाली काळी माती असेल, आणि आपल्या दख्खनच्या पठारावर ती बऱ्याच ठिकाणी आहे, तर ती पाणी पिऊन फुगते, मऊ पडते आणि तिची भार घेण्याची ताकद पार उतरते. त्यानंतर येणारी प्रत्येक जड गाडी डांबराला कणकेसारखं दाबत जाते. लोक म्हणतात, पावसाने रस्ता वाहून गेला. पावसाने शेवटचा घाव घातलेला असतो.

हाच हिशेब मी माझ्या वाळूला लावून बघितला. गाडीतल्या साडेदहा टन जादा मालातला बहुतेक भार मागच्या जोड-एक्सलवर पडला. २१च्या जागी तिथे तीस-साडेतीस टन असणार, म्हणजे हानी मान्य भाराच्या जवळपास साडेचार पट. हेच सहा ब्रास मी तीन-तीन करून दोन खेपांत आणले असते तर? प्रत्येक खेपेला मागे अठराएक टन आले असते आणि दोन खेपांची मिळून हानी मान्य भाराच्या एका खेपेइतकी, फार तर एक दशांश जास्त. परतीच्या रिकाम्या फेऱ्यांची हानी शंभरात एक इतकीही भरत नाही. थोडक्यात, एका खेपेचं भाडं वाचवायला मी गावचा रस्ता चौपट झिजवला. माझी बचत माझ्या खिशात राहिली आणि झीज गावाच्या वाट्याला गेली. शिवाय हा रस्ता महामार्ग नव्हे. ट्रॅक्टर, एसटी आणि दुधाची गाडी एवढीच वर्दळ गृहीत धरून बांधलेला पातळ डांबराचा गावरस्ता आहे. तिथे पुढची पाच वर्षं खड्डे चुकवणारे लोक, दवाखान्यात जाणाऱ्या बाळंतिणी, सायकलवरची मुलं, यांच्याशी माझा वाळूचा व्यवहार झालेलाच नव्हता.

पुलांचं आणि मोऱ्यांचं गणित थोडं वेगळं. लहान मोरीवर एका वेळी एक एक्सल किंवा एक जोडीच उभी राहते, त्यामुळे तिला एक्सलचा भार मारतो. लांब पुलावर अख्खी गाडी आणि तिच्यामागची दुसरी गाडी एकाच वेळी असू शकते, तिथे बेरीज मारते. म्हणून पुलाचा आराखडा करताना अभियंते कल्पनेतल्या ठरावीक गाड्या त्यावर चालवून बघतात. आपल्या मानकांतली 'अ' वर्गाची अशी गाडी ५५.४ टनांची आहे, तिच्या चाकांमधलं अंतरसुद्धा ठरलेलं. आडगावच्या जुन्या दगडी मोरीला असा कुठलाही हिशेब लावलेला नसतो. माझी फरशी ही तर मोरीची सगळ्यात छोटी बहीण.

ड्रायव्हरचं "गाडीला काय झालं नाय" हेही पूर्ण खरं नव्हे. टायरच्या बाजूला एक आकडा कोरलेला असतो, उदाहरणार्थ १४६/१४३. १०.००-२० मापाच्या ट्रक टायरवर तो बऱ्याचदा सापडतो. पहिला अंक टायर एकटा असताना, दुसरा जोडीने असताना. १४६ म्हणजे ३,००० किलो आणि १४३ म्हणजे २,७२५. जोडीत क्षमता कमी धरतात, कारण दोन टायर भार कधीच अगदी सारखा वाटून घेत नाहीत आणि मधल्या चिंचोळ्या जागेत उष्णता कोंडते. असे चार टायर मिळून एका एक्सलला १०.९ टन पेलू शकतात. माझ्या हायव्याच्या मागच्या एकेका एक्सलवर पंधरा टनांच्या वर होते. मे महिन्याच्या उन्हात, हवा थोडी कमी असलेल्या टायरवर हा भार आला की टायरची भिंत सारखी लवते, तापते आणि एक दिवस फुटते. रस्त्याच्या कडेला पडलेल्या रबराच्या काळ्या चिंध्या आपण सगळे पाहतो. त्यांतल्या कित्येकांची गोष्ट ही अशी असते. पाटे मोडणं, हब तापणं, चॅसीला तडा जाणं या पुढच्या पायऱ्या.

सगळ्यात धोक्याचं ठिकाण म्हणजे उतार. बोरघाटातून खंडाळ्याहून खोपोलीकडे येताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली उतरते. तेवढ्या उंचीवर साठलेली ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. काही इंजिन घेतं, काही हवा, आणि बाकीची ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडते. साडेअठ्ठावीस टनांच्या गाडीची ही सगळी ऊर्जा पाणी तापवायला लावली तर साधारण ४४५ लिटर थंड पाणी उकळीला येईल, म्हणजे सव्वादोन बॅरल. एकोणचाळीस टनांच्या गाडीला तीन बॅरल. लोखंडी ड्रम आणि अस्तर ही उष्णता झेलत राहतात. एका मर्यादेपुढे तापलेल्या अस्तराची पकड सुटते. ड्रायव्हर पेडल दाबतो, पेडल दबतंही, पण गाडी थांबत नाही. म्हणूनच जाणता ड्रायव्हर ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरतो आणि बराचसा भार इंजिनावर सोपवतो. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणारा ड्रायव्हर तीनही बॅरल ब्रेकवर ओततो. चढावर इंजिनाने दाखवलेल्या ताकदीचा उतारावर काडीइतकाही भरवसा धरता येत नाही.

कायदा याबाबत बोटचेपा नाही. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ११३ने आरएलडब्ल्यू ओलांडून गाडी चालवायला मनाई आहे. कलम ११४ने अधिकाऱ्याला शंका आली तर तो गाडी काट्यावर न्यायला लावू शकतो, पुढच्या वाटेवर दहा किलोमीटरच्या आत काटा असेल तर. वजन जास्त निघालं तर जादा माल उतरवून घ्यायचा लेखी हुकूम देऊ शकतो. दंड २०१९पूर्वी २,००० रुपये आणि वर टनाला १,००० होता. त्या वर्षीच्या दुरुस्तीने तो २०,००० आणि वर टनाला २,००० झाला. काट्यावर यायलाच नकार दिला तर ४०,०००. माझ्या वाळूच्या गाडीचा दंड चाळीस हजारांच्या घरात गेला असता आणि वाचलेलं भाडं त्याच्या आसपासही नव्हतं.

पण दंडाहून महत्त्वाचा भाग उतरवून घेण्याचा. पूर्वी दंड भरला की पावती दाखवत तीच गाडी तशीच पुढे जायची. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली परमजित भसीन विरुद्ध भारत सरकार या निकालात सांगितलं की दंड भरून जादा भार नियमित होत नाही, तो उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ शकत नाही. हे तर्काला किती धरून आहे बघा. दंडाची पावती ब्रेक थंड करत नाही आणि मोरीला आधारही देत नाही. तरी रात्री दोन वाजता महामार्गाच्या कडेला दहा टन वाळू उतरवायची कुठे, राखायची कोणी, दुसरी गाडी आणायची कुठून, असे प्रश्न येतात आणि तिथेच बऱ्याच कारवाया विरतात. ही कारवाई खाणीच्या आणि क्रशरच्या दारातच व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे काटा आहे, माल परत ओतायला जागा आहे आणि पावतीवर आकडा छापलेलाच असतो. माझ्या गाडीची पावती क्रशरने स्वतः दिली होती. गाडी मर्यादेच्या साडेदहा टन वर आहे हे तिथे प्रत्येकाला वाचता येत होतं.

कलम १९४चे शब्दही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. दंड नुसत्या चालवणाऱ्याला नाही, चालवायला लावणाऱ्याला आणि चालवू देणाऱ्यालाही आहे. प्रत्यक्षात पकडला जातो तो ड्रायव्हर. भाडं टनावर किंवा ब्रासवर ठरतं, गाडीचा हप्ता महिन्यावर ठरतो, ड्रायव्हरला पैसे खेपेवर मिळतात. एखादा मालक नियमात भरतो म्हणाला तर शेजारचा ओव्हरलोड भरून भाडं पाडतो आणि नियमवाला घरी बसतो. मी ज्या ड्रायव्हरशी बोललो त्याला जादा मालाचा एक रुपयाही मिळत नव्हता. धोका मात्र सगळा त्याचा.

जाता जाता काट्याबद्दल, कारण मला तो फार आवडतो. जमिनीच्या पातळीवरचा लांब पत्र्याचा तख्त आणि बाजूला टपरीएवढी खोली. तख्ताखाली पोलादाचे आखूड ठोकळे असतात, त्यांना लोड सेल म्हणतात. भार आला की पोलाद डोळ्याला दिसणार नाही इतकं दबतं. त्याला चिकटवलेली केसाहून बारीक तारेची जाळीही त्याच्याबरोबर दबते आणि तिचा विजेला होणारा रोध किंचित बदलतो. तो बदल मोजून खोलीतल्या पडद्यावर किलो उमटतात. चाळीस टनांच्या गाडीचं वजन वीस किलोच्या टप्प्यात सांगणारं हे यंत्र पोलादाच्या त्या इवल्याशा दबण्यावर चालतं. वैध मापन खातं ते दर वर्षी तपासून त्यावर शिक्का मारतं. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला काटामारीची धास्ती असते, म्हणून तो शिक्का बघायला शिकतो. वाळू मागवणाऱ्यानेही पावती मागायला शिकावं.

पुढच्या महिन्यात स्लॅबसाठी परत माल लागला. मी फोनवर ब्रास सांगितलेच नाहीत. "सतरा टनांच्या आत भरा आणि दोन खेपा करा," म्हटलं. पलीकडचा माणूस थोडा वेळ गप्प राहिला, मग भाडं जास्त पडेल म्हणाला, मी चालेल म्हटलं. तोच ड्रायव्हर आला. क्रशर डोंगराच्या अंगाला आहे आणि तिथून गावापर्यंत दीड किलोमीटरचा सलग उतार, उताराच्या पायथ्याशी शाळा. गाडी रिकामी होईपर्यंत तो सावलीत बसला होता. मी चहा दिला आणि विचारलं, "कशी आली गाडी?"

"हलकी," तो म्हणाला. "सहा ब्रास असल्यावर वरच्या वडापासून ब्रेकवर पाय ठेवावा लागतो, मालक. आज निम्मा उतार तसाच सोडला, पाण्याच्या टाकीपाशी पाय ठेवला. शाळेच्या फाटकापाशी गाडी उभी करून बघितली. जागच्या जागी उभी राहिली."